रॅक अँड पिनियन स्टीअरिंग: पिनियनचे तीन दाते तुटले, त्यावरून

सुकाणू

मागच्या रविवारी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली चार मुलं घरी आली. बाजा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एटीव्ही, म्हणजे खडकाळ-मातीच्या वाटेवर चालणारी छोटी गाडी बनवतायत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिनियन त्यांनी टेबलावर ठेवला. पिनियन म्हणजे स्टीअरिंगने फिरणारं लहान दातेरी चाक; ते ज्या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं तो रॅक. १.५ मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप, मिमीमध्ये), १८ दाते, ईएन ८ स्टील. शेजारशेजारचे तीन दाते मुळापासून गेलेले. टेस्टिंगच्या दुसऱ्याच दिवशी गेले म्हणाले. त्यांचा प्रश्न एकच होता: "सर, आता मटेरियल कोणतं घेऊ?"

मी विचारलं, १८ दाते कुठून आले? तर म्हणे, सतराच्या खाली अंडरकट होतं (कटर दात्याचं मूळ कोरून टाकतो) म्हणून १८. आणि १.५ मॉड्यूल का? गिअर कापून देणाऱ्याकडे तो कटर होता म्हणून. उत्तरं प्रामाणिक होती. पण याचा अर्थ असा की सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी ठरवली आणि बाकीची गाडी तिच्याभोवती बसवली. मी पुण्यात तेवीस वर्षं स्टीअरिंगचं डिझाइन करतोय, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टीमकडून हेच ऐकतो. म्हणून हा धागा काढतोय. त्या मुलांनी स्वतःच्या गाडीचे आकडे इथे द्यायला परवानगी दिली आहे.

सुरुवात टायरपासून करा. गाडीला किती लहान वर्तुळात वळायचंय? यांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) १४०० मिमी, दोन किंगपिनमधलं (पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं तो किंगपिन) अंतर ११५० मिमी. आतलं चाक ४०° वळवायचं ठरलं. वळताना कोणतंही चाक घासत जाऊ नये तर चारही चाकांच्या आसांच्या रेषा एका बिंदूत मिळायला हव्यात, म्हणून बाहेरचं चाक कमी वळलं पाहिजे. बाहेरच्या कोनाचा कोटँजंट वजा आतल्या कोनाचा कोटँजंट बरोबर किंगपिनचं अंतर भागिले व्हीलबेस. इथे ११५० भागिले १४०० म्हणजे ०.८२. आतलं चाक ४०° तर बाहेरचं २६.४°. यालाच आकरमन म्हणतात.

आता स्टीअरिंग आर्म, म्हणजे नकलवरचा (चाक धरून किंगपिनभोवती फिरणारा भाग) तो हात ज्याला टाय रॉड (रॅकच्या टोकापासून येणारी दांडी) जोडतो. यांचा ८० मिमीचा आणि एक्सलच्या मागे. पुस्तकातला नियम सांगतो की किंगपिनपासून आर्ममधून काढलेली रेषा मागच्या एक्सलच्या मध्यावर जाऊ द्या. तो नियम लावला तर आर्म २२.३° आत झुकतो. टाय रॉड रॅकला जवळपास समांतर आहे असं धरून पुढचं गणित करू. आतलं चाक ४०° वळायला आर्मचं टोक ४०.५ मिमी आत सरकावं लागतं. रॅक एकसंध दांडा आहे, दुसऱ्या बाजूलाही तेवढाच सरकतो. तेवढ्या सरकण्याने बाहेरचं चाक किती वळतं? २९.६°. हवं होतं २६.४°. म्हणजे पुस्तकातला नियम पाळूनही पूर्ण आकरमन मिळालं नाही. तो नियम फक्त जवळपास नेतो, पुढचं काम रॅकची जागा आणि टाय रॉडचा कोन करतात. प्रत्येकाने हे एकदा स्वतःच्या हाताने काढून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कागद, कोनमापक आणि एक तास पुरतो.

एवढं झालं की रॅकचा प्रवास कळला: मध्यापासून प्रत्येक बाजूला ४०.५, एकूण ८१ मिमी. मग चालकाला विचारा की स्टीअरिंग किती फिरवशील? एटीव्हीत हात चाकावरून उचलायला वेळ नसतो, म्हणून एका फेऱ्याच्या आत हवं. पिनियनच्या एका फेऱ्यात रॅक जेवढा सरकतो त्याला आम्ही सी फॅक्टर म्हणतो. सरळ दात्यांसाठी पाय गुणिले मॉड्यूल गुणिले दाते. १.५ आणि १८ चा सी फॅक्टर ८४.८ मिमी. ८१ भागिले ८४.८, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ०.९५ फेरा, मध्यापासून दोन्हीकडे साधारण १७२°. हा आकडा यांच्या गाडीला योग्यच आहे! हेलिकल (तिरके कापलेले) दाते असतील तर त्याला हेलिक्स कोनाच्या, म्हणजे त्या तिरकेपणाच्या, कोसाइनने भागा.

मग दाते का तुटले? आणि शेजारचे तीनच का? ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवण करून येतो.

एटीव्ही_तिसरंवर्ष

सर, तो पिनियन आमचाच. सगळ्यांसमोर मांडलात ते बरं झालं. एक शंका. नियमाने २९.६° येतात आणि आम्हाला २६.४° हवेत, तर आर्म आणखी आत झुकवला तर पूर्ण आकरमन मिळेल ना? आम्ही काल काढलं, ३०.४° झुकवला की बरोबर २६.४° येतात. रॅकचा प्रवासही कमी होतो, ३५ मिमी. आम्हाला तर हे दोन्ही बाजूंनी फायद्याचं वाटतंय.

सुकाणू

गणित बरोबर आहे. आता त्याच गणितात शेवटची ओळ जोडा: आतलं चाक पूर्ण वळलं असताना आर्म आणि टाय रॉड यांच्यात किती कोन उरला? आर्म आधीच ३०.४° झुकलेला, त्यात ४०° वळला, एकूण ७०.४°. काटकोनातून उरले १९.६°. म्हणजे आर्म आणि टाय रॉड जवळजवळ एका रेषेत आले. अशा स्थितीत रॅकने ढकललं तर जोर आर्म फिरवण्यात न जाता त्याला ताणण्यात जातो. बॉल जॉइंटला थोडा प्ले (सैलपणा) असला, ब्रॅकेट थोडं वाकलं, की चाक त्या रेषेपलीकडे उलटतं आणि परत येत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. चालक स्टीअरिंग सरळ करतोय आणि एक चाक तसंच आडवं. ती गाडी हळू चालली होती म्हणून निभावलं.

तो कोन ३०° च्या खाली जाऊ देऊ नका असं मी सांगतो. तुमच्या आत्ताच्या २२.३° च्या आर्मलाही ४०° वर २७.७° च उरतात. मी तुमच्या जागी असतो तर आतल्या चाकाचं लॉक (जास्तीत जास्त वळण) ३६° वर आणलं असतं. ३१.७° उरतात, रॅकचा प्रवास ३७.७ मिमी. आकरमन पूर्ण मिळणार नाही, ते सोडून द्या. मातीत टायर तसाही सरकतच वळतो, तिथे तीन अंशांसाठी नकल धोक्यात घालायचं काही कारण नाही. आणि स्टीअरिंगला ठोस स्टॉप द्या. रॅक हाउसिंगला आपटून थांबतोय, हा स्टॉप नव्हे.

आता तुटलेल्या दात्यांकडे. तुमच्या रिपोर्टमध्ये भार असा काढलाय: उभ्या गाडीत टायर जागेवर फिरवायला लागणारा टॉर्क. पुढच्या एका चाकावर ५० किलो, हवा ०.७ बार, घर्षण ०.७ धरलं तर एका टायरला साधारण १० न्यूटन-मीटर. दोन्ही मिळून २०. आर्मची परिणामकारक लांबी मध्यावर ७४ मिमी, म्हणजे रॅकवर २७० न्यूटन. स्टीअरिंग व्हीलवर चालकाला तीन किलोचाही जोर लागत नाही. यावर दाते तपासले आणि दसपट सुरक्षितता आली म्हणून ईएन ८ घेतलं. बरोबर?

पण दाते चालकाने तोडले नाहीत. दगडाने तोडले. चाकाला समोरून ३००० न्यूटनचा धक्का बसला, आणि तो किंगपिनच्या रेषेपासून ६० मिमी बाहेर लागला, तर किंगपिनभोवती १८० न्यूटन-मीटर. चाक सरळ असताना ते भागिले ७४ मिमी, रॅकवर २४०० न्यूटन. चाक आतल्या लॉकला असताना? आर्मची परिणामकारक लांबी तेव्हा ३७ मिमी उरते, अर्धी. तोच दगड, तोच धक्का, आणि रॅकवर जवळपास ४९०० न्यूटन.

आता तीन दात्यांची गोष्ट. तुमचा पिनियन टोकापासून टोकापर्यंत एक फेराही फिरत नाही. म्हणजे पिनियनचा प्रत्येक दाता रॅकच्या एका ठराविक जागीच लागतो, दुसरीकडे कधीच नाही. त्यामुळे तुटलेला दाता सांगू शकतो की तेव्हा चाक कुठे होतं. पिनियनवर शाफ्टची चावी (पिनियनला शाफ्टशी जखडणारी पट्टी) कुठे आहे ते बघा, मध्याची खूण धरून मोजा. मी रविवारी मोजलं होतं. ते तीन दाते डावीकडच्या शेवटच्या टप्प्यातले आहेत. तुमची गाडी डावं वळण घेत असताना डावं चाक कशावर तरी आपटलं.

एटीव्ही_तिसरंवर्ष

सर, टेस्टिंगच्या जागी बंधाऱ्याला वळसा घालून डावं वळण आहे आणि तिथे आतल्या बाजूला दगडाची कड आहे. चालकाने तेव्हा सांगितलं होतं की "हातात झटका आला", आम्ही टाय रॉड बघितला, तो सरळ होता, म्हणून गाडी पुढे नेली. आता सगळे इथे बसून वाचतोय.

नेकारकाठ

सुकाणू, उत्तम धागा. एक दुरुस्ती सुचवते, रागावू नका. हेलिकलला कोसाइनने भागायचं, पण कोणत्या कोनाच्या? तो कोन रॅकच्या दात्यांचा धरायचा, पिनियनचा नव्हे. पिनियन रॅकला काटकोनात असेल तर दोन्ही कोन सारखे आणि फरक पडत नाही. पण गाड्यांमध्ये पिनियन बहुतेक वेळा तिरका बसवलेला असतो. रॅकचे दाते दांड्याला काटकोनात कापले आणि पिनियन त्याच्या हेलिक्स कोनाएवढा झुकवला, तर रॅकचा कोन शून्य, आणि सी फॅक्टर नुसता पाय गुणिले नॉर्मल मॉड्यूल (दात्याला काटकोनात मोजलेला) गुणिले दाते. पिनियनचा हेलिक्स कितीही असो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी इथे श्टुटगार्टला ही चूक केली होती, आणि ती ड्रॉइंग तपासताना वरिष्ठांनी पकडली.

सुकाणू

अगदी बरोबर. वरचं वाक्य अपुरं होतं, नवीन वाचणाऱ्यांनी नेकारकाठ यांचं धरावं. धन्यवाद.

नदीपल्याड

मी या क्षेत्रातली नाही, रोज गाडी चालवते एवढंच. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं ते या रॅकमुळे का? त्यात स्प्रिंग असते का?

सुकाणू

ताई, स्प्रिंग असते, पण ती त्यासाठी नसते. स्टीअरिंग सरळ होतं ते किंगपिनच्या तिरकेपणामुळे. किंगपिनची रेषा जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेपुढे भेटते, म्हणून टायर मागे ओढला जातो, ट्रॉलीच्या चाकासारखा. शिवाय चाक वळलं की गाडीचा पुढचा भाग किंचित उचलला जातो, तो वजनाने खाली यायला बघतो. रॅकचं काम एवढंच की या परतीला अडवू नये. रॅक घट्ट झाला तर वळण संपलं तरी स्टीअरिंग तिथेच राहतं, हाताने सरळ करावं लागतं. तुमच्या गाडीत असं कधी जाणवलं तर लगेच दाखवा.

स्प्रिंगबद्दल आमच्या गॅरेजवाल्या मित्रांनी लिहावं. त्यांचा हात रोज तिथे असतो.

हायवे_गॅरेज

साहेबांनी हाक मारली म्हणून लिहितो. कराडजवळ गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. रॅकच्या पाठीमागे, पिनियनच्या बरोबर समोर, एक गोल तुकडा असतो. त्याला योक म्हणा, रॅक गाइड म्हणा. त्याच्यामागे स्प्रिंग, मागे पेचाचं झाकण, त्यावर लॉकनट. ही स्प्रिंग रॅकला पिनियनवर दाबून धरते. झाकण सैल झालं की खराब रस्त्यावर पुढून खडखड येते. लोक आधी टाय रॉड एंड बदलतात, मग लिंक बदलतात, मग शॉकअब्सॉर्बर. आवाज तसाच. शेवटी रॅककडे येतात.

आता महत्त्वाचं. खडखड आली म्हणून झाकण आवळून देणारे बरेच आहेत. दोन दिवस आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण रॅक झिजतो कुठे? मध्यावर. कारण गाडी दिवसभर सरळच चालते. तुम्ही मध्यावरचा प्ले घालवायला आवळलं की टोकाकडचे न झिजलेले दाते जाम होतात. मग घाटात वळणावर स्टीअरिंग अडकतं. म्हणून मी आधी जॅकवर गाडी घेऊन मध्यावर आणि दोन्ही टोकांना हात लावून बघतो. मध्ये सैल आणि टोकाला घट्ट असेल तर तो रॅक बदलायचा, आवळायचा नाही. सेटिंग प्रत्येक गाडीचं वेगळं. आधी ठरलेल्या टॉर्कला आवळायचं, मग ठरलेल्या अंशांनी मागे घ्यायचं. किती ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने करू नका.

आणि रबरी बेलो. स्वस्तातली वस्तू. फाटली की पाणी-चिखल आत, ग्रीस बाहेर, रॅक गंजतो. सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की हाताने चाचपून बघायला सांगा.

सुकाणू

मध्यावरच्या झिजेचं जे लिहिलंत त्याच्यासाठी या धाग्यावर वेगळी दाद देतो.

योकची गरज कुठून येते तेही सांगतो. दात्याची बाजू २०° तिरकी असते, म्हणून पिनियन रॅकला नुसता बाजूला ढकलत नाही, स्वतःपासून दूरही ढकलतो. जेवढा जोर पुढे, त्याच्या ०.३६४ पट जोर दूर. वरच्या ४९०० न्यूटनला हा साधारण १८०० न्यूटन. योकने तो पेलला नाही तर रॅक मागे वाकतो, दाते टोकावरच लागतात आणि मुळाशी ताण प्रचंड वाढतो. मुलांनो, तुमच्या ड्रॉइंगमध्ये योक आहे, पण त्याच्यामागचा प्लग (ते पेचाचं झाकण) ॲल्युमिनियमचा, आणि त्याचे पेच चार फेऱ्यांचे. तो आधी बदला.

जुनाबाजा

आमच्या वेळची आठवण लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. आम्ही मारुती ८०० चा जुना रॅक आणून तो दोन्हीकडून कापून लहान केला होता. मूळ गाडीत रॅक एक्सलच्या मागे असतो. आमच्या एटीव्हीत पेडलला जागा हवी म्हणून रॅक आणि आर्म एक्सलच्या पुढे घेतले. सगळं जोडून झालं, रात्री अकराला पहिल्यांदा स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि चाकं उजवीकडे वळली. आर्म मागे असताना रॅक उजवीकडे गेला की चाक डावीकडे वळतं. आर्म पुढे गेला की उलटं.

उपाय म्हणून रॅक उभ्या आसाभोवती अर्धा फेरा फिरवला, की दिशा बरोबर येते. पण इनपुट शाफ्ट जो चालकाकडे झुकलेला होता तो आता समोर झुकला. मग तिथून मागे आणायला दोन युनिव्हर्सल जॉइंट. त्यातला एक आम्ही फेज (दोन्ही जॉइंटच्या फॉर्कची, म्हणजे दुबेळकी टोकांची, दिशा) न जुळवता बसवला, आणि स्टीअरिंग एका फेऱ्यात जड-हलकं-जड-हलकं होत राहिलं. हे सगळं कागदावर एका बाणाने कळलं असतं. रॅकच्या चित्रावर बाण काढा: स्टीअरिंग डावीकडे, पिनियन असा, रॅक असा, आर्म असा, चाक असं. पहिल्या दिवशीच काढा.

एटीव्ही_तिसरंवर्ष

दादा, काढला. आमचा बाण बरोबर येतोय. पण युनिव्हर्सल जॉइंट आमचा एकच आहे, कोन ३०°.

जुनाबाजा

एका जॉइंटला ३०° म्हणजे एका फेऱ्यात गुणोत्तर ०.८७ ते १.१५ दरम्यान दोनदा वरखाली होतं. मध्यावर हलकं हवं की चपळ हवं ते ठरवून जॉइंटची दिशा लावा, नाहीतर तो योगायोगाने लागेल तसा लागतो. दोन घेतलेत तर दोन्हीकडचे कोन सारखे ठेवा आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही फॉर्क एका पातळीत.

इतिहासवही

मूळ विषयापासून थोडं बाजूला, पण आकरमनचा उल्लेख आला म्हणून. ही कल्पना रुडॉल्फ आकरमनची नव्हे. म्युनिकचा बग्ग्या बनवणारा गेओर्ग लांकेनश्पेर्गर याची. आकरमन हा त्याचा लंडनमधला प्रतिनिधी, १८१८ च्या सुमारास इंग्लंडमधलं पेटंट त्याच्या नावाने निघालं आणि नाव त्याचंच राहिलं. मागच्या एक्सलच्या मध्यावर रेषा नेण्याचा जो नियम वर आलाय तो शार्ल जाँतो या फ्रेंच माणसाचा, १८७८ चा. म्हणजे दोन्ही गोष्टी घोड्याच्या गाडीच्या काळातल्या. रॅक अँड पिनियन मात्र मोटारीबरोबर आला. सित्रोएनने ट्रॅक्शन अव्हाँला १९३६ मध्ये दिला, मॉरिस मायनरला १९४८ मध्ये पहिल्या दिवसापासून होता. ट्रक-बसला रिसर्क्युलेटिंग बॉल प्रकारचं स्टीअरिंग का राहिलं असावं, हे कुणी सांगेल का?

नेकारकाठ

एकसंध पुढचा एक्सल आणि जड भार, ही दोन कारणं. रॅक स्वतंत्र सस्पेन्शनशी छान जुळतो. चाकं वेगवेगळी वरखाली होतात आणि टाय रॉड दोन्हीकडे सारखे असतात. एकसंध एक्सल पूर्णच वरखाली होत असेल तर चॅसीवर बसवलेला रॅक त्याच्याशी भांडतो. आणि रिसर्क्युलेटिंग बॉलमध्ये स्क्रू आणि नट यांच्यात गोळ्यांच्या रांगा असतात, भार अनेक गोळ्यांवर वाटला जातो, गिअरचं गुणोत्तरही मोठं मिळतं. रॅकमध्ये एका वेळी दोन-तीन दातेच लागलेले असतात.

आता मोटारींकडे. मुलांचे १८ दाते पाहून सांगावंसं वाटतं: प्रवासी गाडीच्या पिनियनला साधारण सहा ते नऊ दाते असतात, मॉड्यूल दोनच्या आसपास. सहा दाते, २ मॉड्यूल, रॅकचे दाते काटकोनात, तर सी फॅक्टर ३७.७ मिमी. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीला तेवढं लागतं, नाहीतर पार्किंगला हात भरून येतात. सहा दात्यांना अंडरकट होणारच. २०° च्या सरळ दात्यांची मर्यादा १७ ची आहे. हेलिक्स ३०° दिला की ती ११-१२ वर येते. उरलेलं काम प्रोफाइल शिफ्टने होतं. कटर बाहेर सरकवून दाता मुळाशी जाड केला जातो. मात्र त्याने दात्याचं टोक निमुळतं होत जातं, म्हणून किती सरकवायचं याला सीमा असते. लहान पिनियनचं सगळं कौशल्य या एका तडजोडीत आहे.

पॉवर स्टीअरिंग आल्यावर चित्र बदललं. इलेक्ट्रिक असिस्ट १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्होत आलं, १९९० मध्ये होंडा एनएसएक्समध्ये. छोट्या गाडीत मोटर कॉलमवर (स्टीअरिंग व्हीलच्या दांड्यावर) असते. जड गाडीत दुसरा पिनियन किंवा बेल्ट आणि बॉल स्क्रू थेट रॅकवर. कॉलमवरची मोटर जेवढा जोर देते तो सगळा त्या एकाच पिनियनच्या दात्यांतून जातो, म्हणून तिथे मर्यादा पडते. हाताचा भार कमी झाल्यामुळे रॅकवर गुणोत्तरही बदलतं ठेवता येऊ लागलं. मध्यावर सावकाश, टोकाकडे चपळ. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर बिशप यांनी अशा रॅकवर आयुष्य घातलं. त्या रॅकचा प्रत्येक दाता वेगळ्या आकाराचा असतो. साध्या कटरने कापता येत नाही, फोर्जिंगने घडवावा लागतो. हातात घेऊन पाहिला की मन भरून येतं.

एटीव्ही_तिसरंवर्ष

सर, आमचा मूळ प्रश्न अजून उरलाय. मटेरियल?

सुकाणू

आता विचारायला हरकत नाही, कारण आता भार माहीत आहे. दोन प्रसंग धरा. एक, वरचा दगड, ४९०० न्यूटन. दोन, चाक खडकात अडकलंय आणि चालक दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढतोय. १४० मिमी त्रिज्येवर प्रत्येक हाताचे २२ किलो धरा, ६० न्यूटन-मीटर. सी फॅक्टर ८४.८ ला ते रॅकवर ४४५० न्यूटन. दोन्ही जवळपास सारखेच निघाले.

१.५ मॉड्यूल, २० मिमी रुंदी, १८ दात्यांचा लुइस गुणांक (दात्याच्या आकारावरून मुळाचा ताण काढायचा आकडा) ०.३०९. ४९०० ला ताण ५३० मेगापास्कलच्या आसपास. साधं नॉर्मलाइज केलेलं ईएन ८ तीनशेच्या आतबाहेर सोडून देतं. तुटलं त्यात नवल नाही.

नुसतं मटेरियल बदलण्याआधी मॉड्यूल २ आणि १४ दाते करा. सी फॅक्टर ८८ मिमी, चालकाला फरक कळणारही नाही. शिफ्ट न धरताही ताण ४४० वर येतो. १४ दात्यांना थोडा अंडरकट होईल, म्हणून ०.१८ किंवा थोडा जास्त प्रोफाइल शिफ्ट सांगा. पिनियन ईएन ३५३, केस कार्बराइज (फक्त वरच्या थरात कार्बन मुरवून कडक केलेला). रॅक ईएन ८ किंवा ईएन १९, दात्यांपुरतं इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून कडक करणं). हार्डनिंगनंतर रॅक केळ्यासारखा वाकतो, तो सरळ करून घेण्याचं कामाच्या चिठ्ठीवर लिहा, नाहीतर भोसरीत कुणी आपणहून करून देणार नाही. पिनियनचं हार्डनिंग फार खोल गेलं तर दाता आतपर्यंत काचेसारखा होतो आणि पुढच्या दगडाला पुन्हा तुटतो. केस डेप्थ (कडक थराची जाडी) ०.४ ते ०.६ मिमी सांगा आणि एक तुकडा कापून दाखवायला लावा.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाही. रॅक तयार झाला की सस्पेन्शनची स्प्रिंग काढून गाडी उभी करा, चाक २५ मिमीच्या टप्प्यांनी वरखाली करा आणि प्रत्येक टप्प्यावर टो (वरून पाहताना चाक किती आत-बाहेर वळलंय ते) मोजा. समोरून पाहताना टाय रॉडचा आतला सांधा सस्पेन्शनच्या वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर असला पाहिजे, आणि टाय रॉडची रेषा वाढवली तर ती त्या दोन आर्मच्या रेषा जिथे भेटतात तिथेच गेली पाहिजे. रॅकची लांबी यावरून ठरते. मिळालेल्या रॅकची लांबी यात बसवायला गेलं की खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

एटीव्ही_तिसरंवर्ष

(सहा आठवड्यांनी)

सर, आणि सगळ्यांना नमस्कार. जे सांगितलंत ते केलं, आकडे टाकतो.

लॉक ३६° वर आणलं, नकलवरच स्टॉप वेल्ड केला. पिनियन २ मॉड्यूल, १४ दाते, ईएन ३५३. पहिल्या हार्डनिंगमध्ये केस डेप्थ ०.९ आली, तुकडा कापल्यामुळे कळलं, पिनियन पुन्हा करून घेतला. योकचा प्लग स्टीलचा, पेच दुप्पट.

टो मोजला तेव्हा जुन्या रॅकवर ७५ मिमी वर गेल्यावर चाक साडेतीन अंश वळत होतं. आम्हाला वाटायचं की गाडी खड्ड्यांवर भटकते ती टायरमुळे. आतले सांधे आर्मच्या रेषेच्या बरेच बाहेर होते आणि रॅक २२ मिमी वर. रॅक लहान केला, खाली घेतला. आता त्याच ७५ मिमीला अर्धा अंशही नाही.

काल बंधाऱ्याच्या त्याच डाव्या वळणावर चाळीस फेऱ्या मारल्या. नंतर पिनियन काढून प्रत्येक दाता भिंगाखाली बघितला. डावीकडच्या शेवटच्या दात्यावर चमक थोडी जास्त आहे, तडा नाही. फोटो काढून ठेवलाय.

हायवे_गॅरेज

शाब्बास पोरांनो. योकच्या लॉकनटवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, नट आणि हाउसिंग दोन्हीवर मिळून. रोज गाडी सुरू करण्याआधी ती रेघ जुळते का बघायची.

एटीव्ही_तिसरंवर्ष

काका, आत्ताच मारली.